टीएलबी कोणाकोणात वाटली जाते? तपासणी, मोजमाप आणि आराखडा, पायरीपायरीने

थ्रेड दुप्पट केले आणि कामाचा वेग मात्र जेमतेम हलला, अशी तक्रार आली की आपण आधी लॉक बघतो, मग कॅशे, मग मेमरी बँडविड्थ. पत्त्यांचं भाषांतर करणाऱ्या हार्डवेअरची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तोवर बहुधा कुणीतरी नवा सर्व्हर मागवलेला असतो. हा लेख त्या हार्डवेअरबद्दल आहे: टीएलबी (ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर, म्हणजे आधी काढलेल्या पत्त्यांचा छोटा साठा), तिच्यामागचा पेज वॉकर (साठ्यात उत्तर नसेल तर पेज टेबल चाळणारा भाग), आणि ही दोन्ही कोअर आणि थ्रेड यांच्यात कशी वाटली जातात. पहिल्या पायऱ्या लिनक्सवर प्रोग्रॅम चालवणाऱ्यांसाठी आहेत. शेवटची पायरी हार्डवेअरचा आराखडा मांडणाऱ्यांसाठी, म्हणजे आरटीएल (चिपच्या रचनेचा कोड) लिहिणाऱ्यांसाठी किंवा एम.टेक.च्या प्रकल्पात सिम्युलेटर घेऊन बसलेल्यांसाठी आहे.

आधी थोडी उजळणी

टीएलबी रोजच्या ओळखीची असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

प्रोग्रॅम वापरतो तो पत्ता आभासी. रॅममधली खरी जागा काढायला प्रोसेसरला पेज टेबल चाळावं लागतं. एक्स८६-६४ वर ४८ बिटांचा आभासी पत्ता चार पातळ्यांत उलगडतो. दर पातळीला ९ बिट, म्हणजे ५१२ नोंदींचं एक टेबल. उरलेले १२ बिट ४ केबीच्या पेजमधली जागा सांगतात. ५७ बिटांचे पत्ते चालू असतील तर पातळ्या पाच. थोडक्यात, एक शब्द वाचायचा तर आधी चार वाचनं. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुण्या ओएसच्या टेबलाचा प्रत्येक टप्पा पुन्हा यजमानाच्या टेबलातून काढावा लागतो, त्यामुळे तिथे हा आकडा २४ वाचनांपर्यंत जातो.

दर वेळी एवढं करणं परवडत नाही, म्हणून काढलेलं उत्तर टीएलबीत ठेवतात. उत्तर सापडलं तर हिट, नाही तर पेज वॉकर कामाला लागतो. टीएलबी लहान असते. इंटेलच्या स्कायलेकमध्ये डेटासाठीच्या पहिल्या पातळीत ४ केबी पेजच्या ६४ नोंदी बसतात, म्हणजे २५६ केबीचा आवाका. दुसऱ्या पातळीत १,५३६ नोंदी, आवाका ६ एमबी. ज्या सर्व्हरमध्ये शेकडो जीबी रॅम आहे त्याच्यासाठी ६ एमबी म्हणजे काहीच नाही. वाटणीचा प्रश्न येतो तो याच टंचाईतून.

पायरी १: जागा वाटली जातेय की नोंद?

दोन थ्रेड एकच टीएलबी वापरतात असं कुणी म्हटलं तर लगेच विचारायचं: जागा सामायिक आहे की नोंदी? या दोन गोष्टींची गल्लत इतकी होते की त्यावर चुकीचे निर्णय घेतले जातात.

जागा सामायिक असेल तर १,५३६ खणांसाठी दोघांत चढाओढ असते. एकाने जास्त खण बळकावले की दुसऱ्याच्या नोंदी बाहेर पडतात. नोंदी सामायिक असतील तर पहिल्या थ्रेडने काढून ठेवलेलं भाषांतर दुसऱ्याला आयतं मिळतं. पहिल्या प्रकारात वाटणी म्हणजे तोटा वाटून घेणं, दुसऱ्यात खरा फायदा. जागा सामायिक पण नोंदी वेगळ्या, हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही.

२००२ मध्ये इंटेलने झिऑनमध्ये हायपर-थ्रेडिंग (एकच कोअर ओएसला दोन लॉजिकल प्रोसेसर म्हणून दिसतो) आणलं तेव्हा हेच केलं होतं. सूचनांची टीएलबी प्रत्येक थ्रेडला वेगळी दिली. डेटाची टीएलबी दोघांत एकच ठेवली, पण प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या लॉजिकल प्रोसेसरची आहे याचा शिक्का मारला. खण सामायिक, माल ज्याचा त्याचा. सनने २००५ साली आणलेल्या अल्ट्रास्पार्क टी१ मध्ये आठ कोअर होते, प्रत्येक कोअरवर चार थ्रेड, आणि त्या चौघांत मिळून ६४ नोंदींची एक सूचना टीएलबी आणि ६४ नोंदींची एक डेटा टीएलबी. त्या चिपचा आरटीएल पुढे ओपनस्पार्क नावाने खुला झाला. ज्याला वाटलेली टीएलबी प्रत्यक्ष कोडमध्ये कशी दिसते ते बघायचंय त्याने तिथे डोकवावं. कागदी आकृत्यांपेक्षा तिथे बरंच जास्त शिकायला मिळतं.

नोंदी खरोखर सामायिक करायच्या तर दोन्ही बाजूंची पेज टेबलं एकच आहेत आणि ओळखक्रमांकही एकच आहेत, याची हमी हार्डवेअरला कुणीतरी द्यावी लागते. आर्मने ही हमी देण्यासाठी आर्मव्ही८.२ मध्ये एक बिट ठेवला: पेज टेबलाचा पाया सांगणाऱ्या रजिस्टरचा सगळ्यात खालचा बिट, सीएनपी, म्हणजे ‘कॉमन नॉट प्रायव्हेट’. कर्नलने तो बिट लावला की त्या पेज टेबलातून आलेल्या नोंदी त्याच इनर शेअरेबल गटातल्या (मेमरी एकसारखी दिसणाऱ्या कोअरच्या गटातल्या), तोच बिट लावलेल्या दुसऱ्या कोअरने वापरायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. हार्डवेअरने त्याचा फायदा घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. परवानगी मात्र आहे.

आर्मवर हे जमतं, कारण तिथे लिनक्स एका प्रोसेसला सगळ्या कोअरवर एकच एएसआयडी (नोंद कोणत्या प्रोसेसची ते सांगणारा क्रमांक) देतो. एक्स८६ वर गोष्ट वेगळी. तिथला तसाच क्रमांक, पीसीआयडी, १२ बिटांचा असला तरी लिनक्स प्रत्येक सीपीयूवर फक्त सहा क्रमांक फिरवत ठेवतो आणि ते वाटप त्या त्या सीपीयूपुरतंच असतं. एकाच प्रोसेसला कोअर ३ वर क्रमांक २ मिळेल आणि कोअर ७ वर क्रमांक ५. आता कल्पना करा की उद्या कुणी या दोन कोअरमध्ये एक सामायिक टीएलबी बसवली आणि शिक्का म्हणून नुसता पीसीआयडी वापरला. एकाच प्रोसेसच्या नोंदी दोनदा भरल्या जातील. त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळ्या प्रोसेसना तोच क्रमांक मिळाला तर एकाचा पत्ता दुसऱ्याच्या मेमरीत उतरेल. म्हणून एक्स८६ वर हार्डवेअरला लॉजिकल प्रोसेसरप्रमाणे नोंदी वेगळ्या ठेवाव्याच लागतात. नोंदींची वाटणी हा नुसता हार्डवेअरचा प्रश्न नाही, कर्नल क्रमांक कसे वाटतो यावर ती अडलेली असते.

आणखी दोन गोष्टी वाटल्या जाऊ शकतात: पेज वॉकर, आणि वॉकरच्या वाटेतल्या वरच्या पातळ्यांच्या नोंदी साठवणारा छोटा कॅशे. इंटेलने ब्रॉडवेलपासून कोअरला दोन वॉकर दिले, एएमडीच्या झेन ३ मध्ये सहा आहेत. दोन थ्रेड एका कोअरवर असतील तर तेही यांच्याच रांगेत उभे असतात.

पायरी २: यंत्रालाच विचारा

कोणत्या थ्रेडची जोडी एका कोअरवर आहे हे सिसएफएसमध्ये प्रत्येक सीपीयूच्या टोपोलॉजी फोल्डरमधली ‘थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट’ सांगते. हे आधी लिहून घ्या. अनेक सर्व्हरवर सीपीयू ० ची जोडी सीपीयू १ शी नसते, मधल्या कुठल्यातरी क्रमांकाशी असते. या एका गैरसमजामुळे पुढचे सगळे प्रयोग उलटे निघतात.

टीएलबीचा तपशील ‘एलएससीपीयू’ देत नाही. एएमडीवर प्रॉकमधल्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये ‘टीएलबी साइझ’ अशी ओळ मिळते, पण तीही एकच आकडा टाकून मोकळी होते. खरी माहिती सीपीयूआयडी या सूचनेतून काढायची. त्याच नावाचं एक छोटं टूल बहुतेक डिस्ट्रिब्युशनमध्ये असतं, ते टाकून घ्या.

नव्या इंटेल प्रोसेसरवर पान १८एच बघा. प्रत्येक टीएलबीसाठी त्यात एक उपपान असतं. ईबीएक्स रजिस्टरमध्ये कोणत्या आकाराची पेजेस बसतात आणि किती वे आहेत ते कळतं, ईसीएक्समध्ये सेट किती ते (सेट म्हणजे खणांचा एक गट, वे म्हणजे दर गटातले खण). ईडीएक्सचे खालचे पाच बिट प्रकार सांगतात: डेटा, सूचना की दोन्ही. आपल्याला हवा असलेला आकडा ईडीएक्सच्याच १४ ते २५ या बिटांत आहे (तिथल्या किमतीत एक मिळवायचा): ही टीएलबी जास्तीत जास्त किती लॉजिकल प्रोसेसरमध्ये सामायिक आहे. तिथे दोन थ्रेडच्या कोअरइतकाच आकडा दिसला तर वाटणी कोअरच्या आतली आहे, कोअरच्या बाहेर नाही. सर्व्हर आणि लॅपटॉपमधल्या आजच्या नेहमीच्या एक्स८६ चिपवर असंच दिसेल. तिथे कॅशेची तिसरी पातळी अनेक कोअरमध्ये वाटतात, टीएलबी नाही. का नाही ते शेवटच्या पायरीत.

ईबीएक्सचे ८ ते १० हे बिटही नजरेखालून घाला. तिथे शून्य असेल तर थ्रेडमध्ये आखीव भिंत नाही, ज्याला जशी गरज तशी जागा. जुन्या प्रोसेसरवर हे पान नसेल तर पान २ मधले सांकेतिक बाइट उत्पादकाच्या मॅन्युअलमधल्या कोष्टकाशी जुळवत बसावं लागतं. एएमडीवर हीच माहिती ८ ने सुरू होणाऱ्या विस्तारित पानांत मिळते, पण वाटणीचा आकडा असा थेट मिळत नाही. तो प्रयोगानेच काढायचा.

पायरी ३: दुखणं टीएलबीचंच आहे का, ते बघा

‘पर्फ स्टॅट’ लावून डीटीएलबी (डेटा टीएलबी) लोड मिसेस मोजणं हा पहिला हात. पण नुसती मिसची संख्या बघून घाबरू नका. आजचे प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच चालवून ठेवतात, त्यामुळे बऱ्याच मिस आपसूक झाकल्या जातात. पहिल्या पातळीत चुकून दुसऱ्या पातळीत सापडलेल्या पत्त्याची किंमत तर जेमतेम काही सायकल. बघायचं ते हे: वॉकर किती सायकल गुंतलेला होता?

इंटेलवर स्कायलेक आणि त्यानंतरच्या कोअरसाठी डीटीएलबी लोड मिसेसखाली तीन उपयोगी मोजण्या आहेत. ‘एसटीएलबी हिट’ म्हणजे दुसऱ्या पातळीने वाचवलेले. ‘वॉक कम्प्लीटेड’ म्हणजे टेबल चाळून संपलेले. आणि ‘वॉक अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे निदान एक वॉकर कामात होता अशा सायकल. वॉक अ‍ॅक्टिव्हला एकूण सायकलींनी भागा. उत्तर दोन-तीन टक्के आलं तर टीएलबीचा नाद सोडा, वेळ दुसरीकडे घालवा. पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात असेल तर पुढे वाचा. स्टोअरची मोजणी वेगळी असते, तीही जोडून घ्या. मोठ्या हॅश टेबलात लिहिणाऱ्या कामांत दुखणं बरेचदा तिकडेच असतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही काउंटर मिळतीलच असं नाही. क्लाउडवर कितीदा तरी ती बंदच असतात.

पायरी ४: वाटणी प्रयोगाने उघडी पाडा

हा प्रयोग शंभरेक ओळींच्या सी कोडमध्ये होतो, पण त्यात सापळे बरेच आहेत, म्हणून सावकाश सांगतो.

मूळ कल्पना साधी. बरीच पेजेस घ्यायची, प्रत्येक पेजमध्ये एकच शब्द ठेवायचा, आणि त्या शब्दात पुढच्या पेजचा पत्ता लिहायचा. मग या साखळीवरून चालत राहायचं. प्रत्येक पाऊल आधीच्या उत्तरावर अवलंबून असल्याने प्रोसेसरला पुढचं आधी करता येत नाही. पेजेसची संख्या १६ पासून ४,०९६ पर्यंत वाढवत न्या आणि दर पावलाला किती सायकल लागतात त्याचा आलेख काढा. टीएलबीची एकेक पातळी ओसंडली की आलेखात पायरी दिसते.

आता सापळे. प्रत्येक शब्द पेजच्या सुरुवातीलाच ठेवलात तर प्रयोग फसला. ३२ केबीच्या, ८ वेच्या कॅशेत ६४ सेट असतात आणि सेटचा क्रमांक पत्त्याच्या ६ ते ११ या बिटांवरून, म्हणजे पेजच्या आतल्या जागेवरून ठरतो. सगळे शब्द पेजच्या सुरुवातीला असले तर ते सगळे एकाच सेटमध्ये जाऊन आदळतात, आणि आठ पेजेसनंतरच कॅशे मिस सुरू होतात. आलेखात पायरी दिसते, तुम्ही खूश होता, पण ती टीएलबीची नसतेच. उपाय असा की क्रमांक ‘न’च्या पेजमध्ये शब्द ठेवायचा तो न भागिले ६४ ची बाकी गुणिले ६४ बाइट इतका पुढे. आता शब्द सगळ्या सेटमध्ये पसरतात.

तरीही ५१२ पेजेसना एक पायरी दिसेल. ५१२ गुणिले ६४ बाइट म्हणजे बरोबर ३२ केबी, पहिल्या पातळीचा कॅशे तिथे भरतो. ती ओळखायला एक जोडप्रयोग करा: तेवढेच शब्द, पण २ एमबीच्या एकाच मोठ्या पेजमध्ये चिकटून बसवलेले. दोन्ही आलेखांतला फरक तो टीएलबीचा.

मेमरी घेतल्यावर प्रत्येक पेजमध्ये आधी काहीतरी लिहा. न लिहिता नुसतं वाचलंत तर लिनक्स सगळ्या पेजेसच्या मागे एकच शून्यांचं पेज लावतो. साखळीचा क्रम विस्कटून टाका, नाहीतर प्रीफेचर तुमच्या आधी पोचतो. आणि ‘एमअ‍ॅडव्हाइज’ला ‘नो ह्यूजपेज’ सांगायला विसरू नका. कर्नल मागच्या मागे तुमची छोटी पेजेस २ एमबीच्या पेजमध्ये गोळा करून टाकेल आणि आलेख सपाट येईल.

एका थ्रेडचा आलेख बरोबर आला की वाटणीची परीक्षा घ्यायची. १,५३६ खणांच्या यंत्रावर १,००० पेजेसची साखळी धरा आणि चार वेळा चालवा. पहिल्यांदा थ्रेड एकटा. दुसऱ्यांदा सोबत दुसरा थ्रेड, पण वेगळ्या कोअरवर. तिसऱ्यांदा दुसरा थ्रेड त्याच कोअरच्या जोडीदार सीपीयूवर, स्वतःच्या वेगळ्या १,००० पेजेसवर. चौथ्यांदा जोडीदार सीपीयूवरच, पण त्याच प्रोसेसचा थ्रेड आणि तीच १,००० पेजेस. थ्रेड ‘टास्कसेट’ने किंवा कोडमधूनच सीपीयूला बांधा.

सायकलींवर जाऊ नका. एका कोअरवर दोन थ्रेड आले की इतर शंभर कारणांनी वेग उतरतो. ‘वॉक कम्प्लीटेड’ बघा. दुसऱ्या खेपेला तो आकडा वाढला नाही तर टीएलबी कोअरबाहेर वाटलेली नाही. तिसऱ्या खेपेला उसळला तर जागा सामायिक आहे: २,००० पेजेस १,५३६ खणांत मावत नाहीत. चौथी खेप निर्णायक. पेजेस तीच असूनही आकडा तिसऱ्या खेपेइतकाच राहिला तर नोंदी सामायिक नाहीत, प्रत्येक थ्रेड आपली प्रत वेगळी ठेवतोय. आकडा पहिल्या खेपेइतका खाली आला तर नोंदीही वाटल्या जातायत. आर्म यंत्रावर हा प्रयोग करणार असाल तर कर्नल सीएनपीचा पर्याय घेऊन बांधलेला आहे ना ते आधी पाहा.

पायरी ५: दुसऱ्याच्या टीएलबीतली नोंद पुसण्याची किंमत

टीएलबी प्रत्येक कोअरची वेगळी असली की एक नवं झंझट मागे लागतं. एका थ्रेडने ‘एमअनमॅप’ किंवा ‘एमप्रोटेक्ट’ केलं की त्या पेजची नोंद इतर कोअरच्या टीएलबीतूनही जायला हवी. एक्स८६ वर यासाठी कर्नल त्या कोअरना इंटरप्ट पाठवतो, ते हातातलं काम सोडून नोंद पुसतात, पोच देतात, आणि पाठवणारा तोवर थांबून राहतो. याला टीएलबी शूटडाउन म्हणतात. जितके जास्त कोअर तितकी ही वाट पाहणी लांबते. खूप थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये मला पहिला संशय याचाच येतो, कारण प्रोफाइलमध्ये तो तुमच्या कोणत्याही फंक्शनच्या नावावर दिसत नाही.

प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये ‘टीएलबी’ नावाची एक ओळ असते, दर सीपीयूला एक आकडा. काही सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि फरक काढा. फरक मोठा दिसला तर ‘पर्फ’ला टीएलबी फ्लश हा ट्रेसपॉइंट लावा. नोंदी का पुसल्या गेल्या त्याचं कारणही तो सांगतो: टास्क बदलल्यामुळे, इथूनच मागणी झाल्यामुळे, की दुसऱ्या कोअरच्या सांगण्यावरून. कॉल स्टॅक जोडून घेतलात की गुन्हेगार बहुधा पहिल्या पानावरच सापडतो.

नेहमीचे यशस्वी कलाकार ठरलेले आहेत. मेमरी अ‍ॅलोकेटर मोकळी पेजेस कर्नलला परत करत राहतो, हा पहिला. जेमॅलॉकमध्ये डर्टी पेजेसचा क्षयकाळ वाढवला किंवा जीलिबसीमध्ये ट्रिमची मर्यादा वर नेली की फरक लगेच दिसतो. दुसरा, न्यूमा (मेमरी वेगवेगळ्या नोडमध्ये विभागलेली यंत्रं) बॅलन्सिंग: कोणती मेमरी कुठून वापरली जाते हे कळावं म्हणून कर्नल मुद्दाम पेजेसची परवानगी काढून बघतो, आणि दर वेळी नोंदी पुसतो. थ्रेड तुम्ही स्वतः नोडला बांधलेले असतील तर ते बंद करा. तिसरा, छोट्या फाइल सतत एममॅप करून सोडणारा कोड. तिथे साधं ‘रीड’ बरेचदा स्वस्त पडतं, लोकांना पटत नाही तरी.

थोडी पेजेस असतील तर कर्नल एकेक नोंद पुसतो. एक्स८६ वर ३३ पेजेसच्या वर गेलात की तो त्या प्रोसेसच्या सगळ्याच नोंदी झाडून टाकतो. ही मर्यादा डीबगएफएसमधून बदलता येते, पण ती बदलून नशीब उघडल्याचं क्वचितच दिसतं.

आर्मने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे नोंद पुसण्याच्या सूचनेचाच एक प्रकार असा आहे की ती गटातल्या सगळ्या कोअरपर्यंत हार्डवेअरमधूनच पोचते, इंटरप्टची भानगड नाही. एएमडीनेही झेन ३ च्या सर्व्हर चिपपासून ‘इनव्हीएलपीजीबी’ ही प्रसारणाची सूचना दिली, आणि २०२५ च्या लिनक्स ६.१५ मध्ये तिला आधार मिळाला. इथे पायरी १ मधली गोष्ट पुन्हा आडवी आली: प्रसारण करायचं तर प्रोसेसचा क्रमांक सगळ्या सीपीयूंवर एकच हवा. म्हणून अनेक सीपीयूंवर पसरलेल्या प्रोसेसना आता तिथे सर्वत्र चालणारा एक एएसआयडी दिला जातो. आरआयएससी-व्हीवर नोंद पुसणारी ‘एसफेन्स.व्हीएमए’ ही सूचना फक्त स्वतःच्या हार्टपुरती (हार्डवेअर थ्रेडपुरती) चालते. बाकीच्यांना एसबीआय या फर्मवेअरच्या थरामार्फत निरोप धाडावा लागतो.

पायरी ६: आहे त्या हार्डवेअरवर काय करायचं

पहिला आणि बहुतेकदा शेवटचा उपाय म्हणजे मोठी पेजेस. स्कायलेकच्या त्याच १,५३६ खणांत २ एमबीची पेजेस बसतात, म्हणजे आवाका ६ एमबीवरून ३ जीबीवर जातो. शिवाय चाळायची एक पातळी कमी होते.

पोस्टग्रेसचं उदाहरण घेऊ. ८ जीबीचे शेअर्ड बफर आणि २०० कनेक्शन. प्रत्येक कनेक्शन हा वेगळा प्रोसेस, म्हणून प्रत्येकाचं पेज टेबल वेगळं. ८ जीबीला ४ केबीची २०,९७,१५२ पेजेस लागतात, दर नोंद ८ बाइट, म्हणजे एका प्रोसेसने सगळे बफर हाताळले की १६ एमबीचं पेज टेबल. २०० कनेक्शनचं मिळून ३.२ जीबीच्या आसपास. डेटा एकच, त्याचे पत्ते सांगणारी टेबलं दोनशे. २ एमबीच्या पेजमध्ये हेच टेबल दर प्रोसेसला ३२ केबीवर येतं. डेटा सामायिक असला तरी टीएलबीतल्या नोंदी सामायिक होत नाहीत, कारण प्रत्येक प्रोसेसचा शिक्का वेगळा.

पोस्टग्रेसमध्ये ‘ह्यूज पेजेस’ या सेटिंगची मूळ किंमत ‘ट्राय’ असते. कर्नलमध्ये पुरेशी मोठी पेजेस राखून ठेवलेली नसतील तर तो मुकाट्याने छोट्या पेजेसवर जातो आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून ती ‘ऑन’ करा. जागा नसेल तर सर्व्हर सुरूच होणार नाही, पण निदान समजेल तरी. ८ जीबीसाठी ४,०९६ मोठी पेजेस आणि वर थोडी, इतकी राखून ठेवा.

आपोआप मिळणाऱ्या मोठ्या पेजेसबाबत, म्हणजे टीएचपीबाबत, माझा कल ‘एमअ‍ॅडव्हाइज’ या मधल्या सेटिंगकडे आहे. सरसकट चालू ठेवलं तर रेडिससारखे, फोर्क करून कॉपी-ऑन-राइटवर विसंबणारे प्रोग्रॅम अडखळतात. सरसकट बंद ठेवलं तर जावाच्या मोठ्या हीपवर पाणी सोडावं लागतं. जेव्हीएमला मोठी पेजेस मागण्याचा पर्याय वेगळा देता येतो, तो द्या आणि मेमइन्फोमध्ये ‘अ‍ॅनॉन ह्यूज पेजेस’चा आकडा वाढला का ते बघा.

मग थ्रेडची मांडणी. पायरी ४ मध्ये जागा सामायिक पण नोंदी वेगळ्या असं निघालं असेल, तर मोठा डेटा तुडवणारे दोन थ्रेड एका कोअरवर बसवू नका. एक मोठा डेटावाला आणि एक छोटा, अशी जोडी लावा. एकच डेटा वापरणारे थ्रेड शेजारी बसवण्याचा सल्ला कॅशेसाठी ठीक आहे, टीएलबीसाठी मात्र नोंदी सामायिक असतील तरच.

अनोळखी लोकांचा कोड एका कोअरवर चालत असेल तर वेगापेक्षा सुरक्षितता आधी. २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठातल्या संशोधकांनी टीएलब्लीड नावाचा हल्ला दाखवला. जोडीदार थ्रेडवर बसून, सामायिक टीएलबीत कोणते सेट हलतात एवढंच पाहून त्यांनी २५६ बिटांची एडडीएसए (डिजिटल सहीची) किल्ली बाहेर काढली. कॅशेला आखून दिलेल्या भिंती इथे कामाच्या नव्हत्या. त्याच वर्षी ओपनबीएसडीने इंटेलवरचं हायपर-थ्रेडिंग मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. लिनक्समध्ये ५.१४ पासून कोअर शेड्युलिंग आहे: एकमेकांवर विश्वास असलेलेच थ्रेड एका कोअरवर येऊ द्यायचे. क्लाउड चालवणाऱ्यांनी निदान एवढं तरी करावं.

पायरी ७: कोअरबाहेर वाटायचीच असेल तर

आता आराखड्याकडे. शेवटच्या पातळीची टीएलबी सगळ्या कोअरमध्ये एकच ठेवली तर? अभिषेक भट्टाचार्जी, डॅनियल लस्टिग आणि मार्गारेट मार्टोनोसी यांनी २०११ च्या एचपीसीए या संगणक-रचनेच्या परिषदेत हे मांडलं. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये समांतर कामांसाठी अशा टीएलबीने एकूण मिसपैकी ७ ते ७९ टक्के मिस टाळल्या, कोअरगणिक वेगळ्या दुसऱ्या पातळीपेक्षा सरासरी २७ टक्के जास्त. एकाच कामाचे थ्रेड त्याच पेजेसवर फिरतात, त्यामुळे एकाने आणलेली नोंद बाकीच्यांना मिळते. वेगवेगळी स्वतंत्र कामं असतानाही फायदा झाला, कारण ज्याला जास्त जागा हवी त्याला ती मिळते.

मग बाजारात ती सर्रास का दिसत नाही? हिशेब करून बघा. समजा जवळच्या टीएलबीला ९ सायकल लागतात, दूरच्या सामायिक टीएलबीला २०. म्हणजे प्रत्येक विचारणेला ११ सायकलींचा जादा भुर्दंड, हिट असो वा मिस. सामायिक केल्याने मिसचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १५ वर आलं असं धरा, २० टक्क्यांची बचत. टेबल चाळायला सरासरी ४० सायकल लागत असतील तर बचत ८ सायकल आणि भुर्दंड ११. तोटा. हेच व्हर्च्युअल मशीनमध्ये चाळणी १५० सायकलींची असेल तर बचत ३० सायकल. आता फायदा. हे आकडे मानलेले आहेत, स्वतःच्या आराखड्याचे घालून बघा. पण घालून बघितल्याशिवाय एकही ओळ आरटीएल लिहू नका.

कोअर वाढले की अंतर वाढतं, आणि भुर्दंडही. यावर २०१८ च्या मायक्रो या संगणक-रचनेच्याच परिषदेत नॉकस्टार नावाचा प्रस्ताव आला: टीएलबीचे तुकडे करून कोअरपाशी पसरवायचे आणि त्यांना जोडायला वेगळं, अतिशय जलद जाळं द्यायचं. जीपीयूमध्ये मात्र सामायिक दुसरी पातळी पूर्वीपासूनच आहे. तिथे हजारो थ्रेड वाट पाहायला तयार असल्याने वेळेचा भुर्दंड झाकला जातो आणि सगळे साधारण तोच डेटा तुडवत असतात.

आराखडा मांडताना शिक्क्याचा प्रश्न आधी सोडवा: व्हीएमचा क्रमांक, एएसआयडी, आणि तो क्रमांक सगळ्या कोअरवर एकच अर्थाचा आहे याची सॉफ्टवेअरकडून हमी. कर्नलच्या पेजेसवरचा ग्लोबल बिटही सांभाळा. वेगवेगळ्या व्हीएमच्या कर्नलना तो एकत्र करून चालणार नाही. मग बँक: सगळ्या कोअरच्या मिस एकाच दारावर आल्या तर रांग लागेल, म्हणून आभासी पेज क्रमांकाच्या खालच्या बिटांवरून चार-आठ बँक पाडा. २ एमबी आणि ४ केबीच्या नोंदी एकाच रचनेत ठेवायच्या असतील तर बँकेचे बिट दोन्ही आकारांना चालणारे हवेत, किंवा दोनदा शोधायची तयारी हवी.

सिम्युलेशन जेम५ या सिम्युलेटरवर करणार असाल तर फुल सिस्टिम मोडमध्येच करा. सिस्टिम कॉल मोडमध्ये टीएलबी मिस झाली की पेज टेबलचं उत्तर वेळ न मोजताच मिळतं, त्यामुळे तिथले आकडे छापण्याच्या लायकीचे नसतात. खऱ्या आरटीएलवर हात बसवायचा तर आरआयएससी-व्हीचा रॉकेट कोअर घ्या. त्यात एका टाइलचा एकच पेज वॉकर सूचना टीएलबी, डेटा टीएलबी आणि जोडलेल्या अ‍ॅक्सिलरेटरची मागणी एकेक करून भागवतो. छोट्या प्रमाणावरची वाटणीच आहे ही, आणि वाचून समजेल एवढ्या आकाराची.

चाचण्या लिहिताना एका प्रसंगावर सगळ्यात जास्त वेळ द्या. कोअर १ ने पाठवलेली चाळणी अर्ध्यावर आहे, शेवटच्या पातळीची नोंद वाचून झालीय, पण टीएलबीत अजून लिहिलेली नाही. त्याच क्षणी कोअर २ कडून ते पेज पुसण्याची सूचना येते. सामायिक टीएलबीत शोधलं तर तिथे काहीच सापडत नाही, म्हणून पुसण्याचं काम झालं असं कळवलं जातं. पुढच्या सायकलला चाळणी संपते आणि जुनी, आता चुकीची झालेली नोंद आत येऊन बसते. यासाठी पुसण्याची सूचना चालू असलेल्या सगळ्या चाळण्यांवरही तपासली गेली पाहिजे, जुळणाऱ्या चाळणीचं उत्तर टीएलबीत जाता कामा नये, आणि अशा चाळण्या आटोपेपर्यंत कोअर २ ला पोच देता कामा नये. यादृच्छिक चाचण्यांत हा योग क्वचित जुळतो. टेस्टबेंचमध्ये वॉकरचं मेमरी उत्तर मुद्दाम रोखून धरा, मधल्या प्रत्येक सायकलला एकेकदा पुसण्याची सूचना घुसवा, आणि वरच्या पातळ्यांचा छोटा कॅशे विसरू नका, कारण तिथे राहिलेली जुनी नोंद पुढच्या चाळणीला त्याच जुन्या टेबलाकडे घेऊन जाते.